बारा फाकी

ही गोष्ट मी चार वेळा लिहिली आहे.
पहिल्या खर्ड्यात पृथ्वीगोल विकले जातात.

वागळे इस्टेटमधला बादल्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा
हरेश्वर मढवीने थकलेल्या पगाराऐवजी एक साचा मागून घेतला.
अर्ध्या गोलाचा. कशासाठी केला होता
ते मालकालाही आठवेना.
दोन वाट्या जुळवून त्याने एल्विराच्या ओट्यावर ठेवल्या
आणि म्हणाला, ही बघा पृथ्वी.
आम्ही हसलो नाही.
तिथेच काहीतरी चुकलं असावं.

किसननगरचा पोटमाळा, भाडं सातशे.
कागदाच्या बारा फाकी, संत्र्याच्या असतात तशा,
दोन्ही टोकांना निमुळत्या.
एल्विरा कापायची; पॅकिंगमधली अकरा वर्षं
तिच्या कात्रीत होती.
मी देशांची नावं लिहून द्यायची, खळ शिजवायची.
हरेश्वर चिकटवायचा, जीभ दातांत धरून,
तापल्या पोराच्या कपाळावर
पट्टी ठेवावी तसा.
पहिल्या गोलावर श्रीलंका सांध्याखाली गेली.
दुसऱ्यावर ती दोनदा आली.
सतराव्याला विषुववृत्त विषुववृत्ताला भेटलं
आणि एल्विराने क्रूस केला, मग खाली जाऊन
तिघांसाठी भजी आणली.

बेत एकच होता.
हरेश्वरला कारखान्यातली एकतीस माणसं परत कामाला लावायची होती,
यादी त्याच्या खिशात असायची, दोघं वारली तरी.
एल्विराला स्वतःचं नाव हवं होतं, दक्षिण ध्रुवाच्या खाली,
बारीक टायपात,
जिथे कुणी वाकून बघत नाही.
मला काय हवं होतं ते विचारायचं
दोघांच्याही लक्षात आलं नाही.
मला त्या संध्याकाळी संपायला नको होत्या.

कोपरीच्या शाळेने चाळीस गोल सांगितले.
ऑगस्टमध्ये खोकी उघडली तेव्हा
सहारावर हिरवळ होती.
ग्रीनलंडवर काळे ठिपके, ऑस्ट्रेलिया सुटून लोंबत होता.
मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या,
त्यांनी चहा दिला,
एक गोल हळूच फिरवला
आणि रुमालाला बोटं पुसली.

दुसऱ्या खर्ड्यात मी कागदवाल्याला दोष दिला.
तिसऱ्यात हरेश्वरच्या साच्याला, आणि त्याचं नाव बदललं.
चौथा खर्डा छापून आला, दिवाळी अंकात,
त्यात दोष ठाण्याच्या हवेचा होता,
खाडीवरून येणाऱ्या ओलाव्याचा.
लोकांना तो फार आवडला.

खळीत मोरचूद घालायचा असतो, बुरशी धरू नये म्हणून.
त्या महिन्यात मी तो घातला नाही.
त्या पैशांत भाडं भागवलं,
आणि उरल्यात भजी.

एवढं एक वाक्य. चार खर्ड्यांत
त्याला कुठे जागा झाली नाही.

एल्विरा बहिणीकडे भाईंदरला गेली, तिथेच गेली.
हरेश्वर घोडबंदरच्या एका टॉवरच्या फाटकावर असतो,
केबिनमध्ये साच्यातली एक वाटी आहे,
तो तीत किल्ल्या ठेवतो.
परवा मी त्याला सांगितलं. उभ्या उभ्या,
येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या मध्ये.

तो वहीत एका स्कूटरचा नंबर लिहीत होता.
लिहून झाला.
मोरचुदाची खल निली आसते, म्हणाला.
ती पांढरी होती. दिसत होता ना आमाना.

आमाना?

एल्विराला पन.

मग बोलला का नाहीत, मी विचारलं,
आवाज चढला असावा, कारण लिफ्टवाला वळून बघायला लागला.

सांगला आसता, तं थांबाला लागला आसता,
असं म्हणत तो उठला.
बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.