सहा मिलिमीटर

साय नव्हे. सायीला निदान दुधाचा आधार असतो.
हिच्या खाली हवा, हिच्या वर हवा,
पितळेच्या पट्टीला सहा मिलिमीटरचं भोक
आणि त्यावर येर्नेयानं काचेच्या कडेनं
ओढून पसरलेला एक थेंब,
इतका पातळ की रेणूंचे थर मोजता येतात.
आज अकरा.

ल्युब्लियाना, जानेवारी, तळघर.
वर नदीवर धुकं बसलंय, तीन दिवस उठलेलं नाही.
इथं भिंगाखाली राखाडी रान,
एका अंगाला कललेलं,
वाऱ्यानं नव्हे, स्वभावानं.
प्रत्येक रेणू शेजाऱ्याकडे बघून कलतो
आणि शेजारी त्याच्याकडे बघून.
काठाशी मात्र काठाचं ऐकायचं.
म्हणून मध्ये कुठंतरी एक जागा उरतेच
जिथं कुणीकडे कलायचं ते ठरत नाही.
पोराच्या डोक्यावरचा भोवरा.
कितीही विंचरा, तेल थापा,
एक तरी राहणार.
दोन असले की दोन लग्नं, आमच्याकडे म्हणतात,
असं मी येर्नेयाला सांगितलं.
"सकाळी तीन होते," ती म्हणाली,
"दोघांनी एकमेकांना गाठलं आणि पुसून टाकलं."

पट्टी बोगोमिरची.
एकतीस वर्षं वर्कशॉपात तो ही भोकं पाडत आला.
इतरांच्या पट्टीवर पापुद्रा दोन मिनिटांत फुटतो,
त्याच्या पट्टीवर एकानं अख्खी नाताळची सुट्टी काढली.
पण भिंगावर तो कधी वाकला नाही.
"भोक माझं. भोकातलं तुमचं."

आज त्याचा शेवटचा दिवस.
वर भाषणं झाली, केक संपला,
तेव्हा तो खाली उतरला दोन पेले घेऊन.
नाशपातीची दारू, भावाच्या बागेतली, नाकात झणझणणारी.
एक तिच्या हातात दिला, दुसरा ठेवला
पेटीच्या खालच्या उघड्या झडपेपाशी.

आणि रान हललं.
भोवऱ्याभोवती एक कडं उमटलं. त्याच्या आत दुसरं.
मध्यातून सुटून काठाकडे दाटत जाणारी कडी,
आणि ढवळलं तर कुणीच नव्हतं.
जो तो जागच्या जागी गिरकी घेत होता,
वाहत होती ती फक्त गिरक्यांची पाळी.
भिरभिऱ्यातून वारा जावा
तशी अकरा थरांतून वाफ वर जात होती,
रेणू सगळे एकाच हाताचे, डावखुरे,
म्हणून फिरणंही एकाच बाजूचं.

येर्नेया ओरडली नाही. सरकून जागा केली.
बोगोमिर वाकला. बराच वेळ वाकलेलाच.
"हा तर माझा किस आहे," तो म्हणाला,
लेथवरून उतरते ती पितळेची गुंडाळी.
"चालवतंय कोण?"

ती मोजत होती. सतरा कडी, चाळीस सेकंदांना एक.
"तुमचा पेला."
त्याला काही ते पटलं नाही.
पेला उचलला आणि खरंखोटं करायला
एका घोटात रिकामा केला.

वाफ विरायला वेळ लागला.
मग कडी माघारी फिरली, आक्रसत मध्याकडे,
आणि मध्यानं ती एकेक करून गिळली.
उरलं राखाडी रान, एक भोवरा.
बोगोमिरनं टोपी काढून डोकं खाजवलं.
गुळगुळीत टक्कल.
तिथला भोवरा कुठल्या वर्षी गेला
हे त्याला कुणी विचारलं नसणार.

वहीत तिनं लिहिलं: चार वाजून दहा. कारण, इथेनॉल.
मग इथेनॉल खोडून, नाशपाती.
पुढच्या पट्ट्या कॅटलॉगमधून मागवायच्यात
हे तिनं त्याला सांगितलं नाही.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून तो परत आला.
बाटलीत थोडी आहे अजून,
आणू का?