सतराची सुट्टी

सतरा सप्टेंबर बुधवारी आलाय.
गुरुवारची एक रजा टाकली
की दीड दिवसाचं नांदेड.

अनुसया वहीच्या मागच्या पानावर लिहिते:
झेंडा आठला. शाळेतून तडक स्टेशन,
साडी तीच.
पूर्णेला गाडी रखडते, तिथं चहा.
जेवण लंगरात, म्हणजे तेवढे पैसे वाचले.
संध्याकाळी घाट. पाणी असेल तर.
खाली एक ओळ खोडलेली,
मी विचारलं नाही.

पुण्याला दिगंबरला फोन लावला, तूही ये.
बुधवारी? कसली सुट्टी?
इकडं कुणालाच नाही रे.

हाच दिगंबर सेलूच्या मैदानात
फक्कीच्या रेघेवर ताठ उभा राहायचा,
लिमलेटच्या दोन गोळ्या मिळायच्या म्हणून.
दोन्ही झेंड्यांना.

अनुसयानं फोन घेतला.
भावजी, आपल्याला तेरा महिने उशिरा मिळालं होतं,
म्हणाली,
जशी गाडी लेट असल्याचं सांगावं.
पलीकडं बराच वेळ
फक्त त्याच्या ऑफिसातला पंखा.

मग तिनं वही ओढली,
तिकिटं दोन होती, त्याचं तीन केलं.
जनरलचंच तर आहे, म्हणाली.
नाहीच आला तर त्या जागेवर
पिशवी बसेल.