सराव पाठ क्रमांक सतरा

घटक : पाणी. इयत्ता दुसरी. वेळ पस्तीस मिनिटं.
टाचणाच्या डाव्या रकान्यात मी,
उजव्या रकान्यात ती मुलं,
मधे पट्टीनं मारलेली लाल रेघ.

केळापूरच्या पुढं, पोडावरची शाळा.
दाराशी खुर्ची टाकून निचत सर,
मांडीवर निरीक्षण तक्ता.

मी विचारलं,
तहान लागली की आपण काय पितो बरं?
(मुले 'पाणी' असे उत्तर देतील.)
मुलं माझ्या ओठांकडे बघत राहिली,
फाट्यावर उभं राहून
भलत्याच गावच्या एस्टीची पाटी बघावी तशी.
तांड्यावरनं येणारा थावरू
शेजारच्याला हळूच काही बोलला.

मी पुन्हा विचारलं,
अंगठा ओठाशी नेऊन, मान मागे टाकून,
सूक्ष्म अध्यापनात शिकवलं होतं तसं.

तर सोमी आत्राम उठली
आणि सरळ वर्गाबाहेर गेली.
सरांचा पेन हलला.
हापशी खडखडली, खडखडली, थांबली.
सोमी आली ती जर्मनचा गडवा
दोन्ही हातांनी धरून, फ्रॉक ओला करत.
माझ्यापुढं धरला.
म्हणाली, "ईर."

आता हे कुठल्या रकान्यात लिहू?

प्याले मी. घटाघटा.
खरंच तहान लागली होती,
सकाळपासून, मला ठाऊक नव्हतं.
वर्ग हसला, कोलामीत हसला की मराठीत,
ते नाही सांगता येत.

सर म्हणाले, वर्गनियंत्रण दोन.
भाषाशुद्धी दीड.
"तुम्ही 'मले' म्हणता, मॅडम. मला म्हणा, मला."
खाली मान घालून मी म्हटलं, हो सर.
परतताना ऑटोत त्यांनी घरी फोन लावला :
"मले उशीर होते वं, तू जेवून घे."

रात्री वसतिगृहात पेपर तिसरा काढला.
बहुसांस्कृतिक शिक्षण, टीप लिहा, गुण पाच.
मुद्दे पाठ आहेत माझे,
आदर, समावेशन, पूर्वग्रह आणि अजून दोन,
झोपेतून उठवलं तरी म्हणेन.
पुस्तकात सगळीकडे 'ती मुले'.
त्यांच्यापुढं उभी राहणारी
कुठल्या बोलीत घाबरते, ते नाही.

मग अठरावं टाचण घेतलं.
शैक्षणिक साहित्य : खडू, फळा, गडवा.
रेघ मारायला पट्टी सापडेना,
तशीच हातानं मारली, वाकडी आली.

आणि थावरू काय बोलला होता,
ते विचारायचं राहूनच गेलं.