चव्वेचाळीस पिक्सेल

ग्रिम्सबीच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर,
जिथला रेडिएटर एकाच अंगानं तापतो त्या खोलीत
मी टॅबलेट मांडते, चहा, दोन बिस्किटं,
संमतीपत्र आणि वीस पौंडांचं कुपन.
कौन्सिलचं नवं ॲप. पाच कामं, पाऊण तास.
आजचे चौथे: मॉरिस टप्लिन, वय एक्क्याऐंशी,
पूर्वी गोदीवर मासे कापायचे.

मी पाठ झालेलं वाक्य म्हणते:
"परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे.
मनात येईल ते मोठ्यानं बोला."
ते बोलत नाहीत.
चाळीस वर्षं बर्फात घोट्यापर्यंत उभा राहिलेला माणूस
मनात येईल ते
मनातच गोठवायला शिकला असेल.

काम तिसरं: समजा, अपंगांसाठीचा पार्किंगचा बिल्ला
तुम्हाला आता नको आहे. तो रद्द करा.
समजावं लागत नाही त्यांना.
बिल्ला डोरीनचा होता,
हे मला दहा मिनिटांनी कळणार आहे.

बोट बटणावर टेकतं. काही होत नाही.
पुन्हा टेकतं.
तर्जनीचं पेर अडुसष्टच्या हिवाळ्यात
एका हॅलिबटबरोबर खोक्यात गेलं,
उरलेली बोटं मिठानं इतकी जून झालीत
की काचेला ती माणसाची वाटतच नाहीत.
मी वहीत लिहिते: बटण लहान?
चव्वेचाळीस पिक्सेल. नियमात बसतं.
मी मध्ये बोलायचं नाही, हाही नियमच.
गप्प बसण्याचे मला पैसे मिळतात.

आमच्याकडे सही न येणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणत,
निळ्या शाईचा डाग दिवसभर लपवत फिरायची माणसं.
आता सगळं जग अंगठ्यावर चालतं
आणि ज्यांची वळणदार सही
आत्ताच मी संमतीपत्रावर पाहिली
तेच इथे निरक्षर ठरतायत.

शेवटी करंगळीनं दार उघडतं.
रद्द करण्याचं कारण निवडा:
हरवला. चोरीला गेला. पत्ता बदलला. इतर.
ही यादी मीच केली होती, मार्चमधल्या एका गुरुवारी,
जेवणाच्या सुट्टीआधी.

"पत्ता बदलला," ते पहिल्यांदाच मोठ्यानं वाचतात
आणि हसतात.
"खोटं नाही म्हणा. स्कार्थो रोडची दफनभूमी,
कुंपणाजवळ. शेजार शांत आहे."

त्यांचं बोट 'इतर'वर थबकतं,
तिथून हलत नाही.
पडदा पांढरा होतो:
बराच वेळ हालचाल न दिसल्याने
तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे.

काचेमागे टिपणं घेणारी ग्वेनिथ खोकते.
मी नियम मोडते. "माफ करा," म्हणते.

"तुझी काय चूक, पोरी," ते म्हणतात,
"नवी सुरी अशीच असते.
मी मुठीला दोरा गुंडाळायचो,
दर सोमवारी थोडा थोडा,
हातात काही आहे हे विसरेपर्यंत.
दुसऱ्या कुणी उचलली तर त्यालाच कापायची."

हात बसला, असं आपण म्हणतो.
बसायला हाताला जागा लागते
हे कुणी सांगत नाही.
आईची विळी आठवली,
तिच्या पाटावर पडलेला पायाचा खळगा.
दुसऱ्याच्या मापाचा होता तो,
मी बसले की टाच बाहेर.

निघताना त्यांनी बिस्किट मधोमध मोडलं,
कण न सांडता,
अर्धं माझ्याकडे सरकवलं. कुपन विसरले.

संध्याकाळी बटण साठचं केलं.
घड्याळ काढून टाकलं, त्यावर उद्या वाद होईल.
यादीत एक ओळ घालायची होती,
वर की खाली, आणि शब्द कोणता,
निधन, मृत्यू, देवाज्ञा,
इंग्रजीत सोपाच होता, चार-पाच अक्षरांचा,
तरी बसची वेळ टळून गेली.

ग्वेनिथच्या तक्त्यात टप्लिन यांच्यापुढे होतं:
काम तिसरं, नापास.
मी ते खोडलं नाही.
पुढे फक्त लिहिलं, कोण.
ॲप.