शेड क्रमांक तीन

नाकोंडेच्या सीमानाक्यावर, शेड क्रमांक तीनमध्ये
एक निळं पिंप सत्तेचाळीस दिवस उभं आहे.
मी रोज त्याच्या सीलावरचा नंबर वाचतो.
एव्हाना ते मला ओळखत असावं.

त्यात भूल नाही.
भुलीचं दूध आहे म्हणा, अजून विरजण न लागलेलं.
एन्डोलाच्या कारखान्यात लागलं तर औषध,
कुणाच्या गॅरेजात लागलं तर धंदा.

कायद्याला उगाच शिव्या देणार नाही.
दोन वर्षांपूर्वी असंच एक पिंप
‘रंगात मिसळायचं पातळ’ म्हणून या फाटकातून गेलं.
सही माझीच होती.
नंतर शहरातली पोरं भिंतीला टेकून
कालच्याच दिवसात अडकलेली सापडायची.

मग यादी आली. यादीत हे नाव.
चोरांनी नावाला एक शेपूट जोडलं,
यादीत नाही म्हणून सुटलं.
यादीत आणखी एक ओळ. त्यांचं आणखी एक शेपूट.
सरळ पिंपाला मात्र एकच नाव असतं,
म्हणून ते उभं:
परवान्यात पंचवीस किलो,
काट्यावर पंचवीस किलो दोनशे ग्रॅम.

शुक्रवारी इसोकाहून सिकाझ्वेचा फोन.
भूल देतो तो. डॉक्टर नव्हे, पण तिथे तोच.
“तीन कुप्या होत्या, सिमवान्झा.
रात्री नामोंजे नावाची बाई आली, मूल आडवं.
आता एक आहे.”
आवाज चढला नव्हता त्याचा.
“हे औषध दिलं की डोळे उघडेच राहतात, ठाऊक आहे?
छताकडे बघत होती. दिसत काही नव्हतं.
मूल रडलं, बरं का.”

मी म्हणालो, फाइल लुसाकाला आहे.

उघड्या डोळ्यांनी निजायला
आम्हाला औषध लागत नाही.

शेडमागे त्याच जातीचं एक रिकामं पिंप आहे,
आगीसाठी वाळू भरून ठेवलेलं.
आज त्याचं झाकण काढलं, पुसलं,
काट्यावर ठेवलं.
एकशे नव्वद.

दहा ग्रॅमचं काय लिहू?
पेनाचं टोपण काढून बसलोय.
बाहेर ट्रकांची रांग टुंडुमापर्यंत गेली आहे
आणि कुणीतरी मघापासून
सारखा हॉर्न वाजवतंय.