रकाना नऊ

सक्करदऱ्याच्या मागची गल्ली,
पारा सेहेचाळीसवर, हातात फॉर्म.
रकाना नऊ : देव मानता का?
रकाना दहा : शेजाऱ्याच्या उपयोगी पडता का?

यमुनाबाई भोयर : हो.
कोराडीच्या देवीचं नाव घेऊन
पहाटे तीन रांजण भरते, येईल त्याच्यासाठी.
एक पेला मात्र खिळ्याला वेगळा टांगलेला.
विचारलं तर म्हणाली, "तो तसाच राह्यते, बाप्पा."

कवडू बागडे : "नाही. ठळक लिही."
मेडिकलमधली बेवारस मढी हा पोचवतो,
कापड स्वतःच्या पैशाचं.
बहिणीशी बारा वर्षं अबोला.
तिनं लेकरासाठी नवस केला, तेव्हा हा हसला होता.
लेकरू राहिलं नाही.

मी पेन झटकतोय, तेवढ्यात
टिनाच्या सावलीत लोंढ्यांची प्राची कोसळली.
यमुनाबाईनं ओटी कबूल केली
आणि अख्खा रांजण पोरीवर उपडा केला.
कवडूनं तिला खांद्यावर घेतलं, ऑटो अडवला.
मढ्यांना न कापणारे हात
लटलट कापत होते.
घाईत कुणीतरी तिच्या ओठांना पेला लावला.
कोणता, ते मी पाहिलं.

चौथ्या दिवशी प्राची ओट्यावर
बर्फाचा गोळा चोखत बसलेली, जीभ जांभळी.
कवडू हळूच म्हणाला,
"बहिणीचं लिहिलं काय? खोडून टाक ना."
शाईचं खोडता येत नाही, म्हटलं.

पेला परत खिळ्यावर होता.
धुतलेला.