शेवटचा आकडा

तेव्हा मी लिस्बनहून आले होते,
कोऱ्या बुटांत, मांडीवर फॉर्मचा गठ्ठा,
आणि प्रत्येक फॉर्मवर पाच रकाने:
ध्येय. मोजमाप. मुदत. जबाबदार व्यक्ती. शेरा.

जून होता. कोरुशच्या मागच्या टेकाडांवर
बुचाची झाडं उभी, जाडजूड, भेगाळलेली,
आणि बुंध्याबुंध्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा.
मला वाटलं, झाडांचे नंबर असतील.
मग एवढ्या सगळ्यांचा नंबर आठच कसा?

फिर्मिनू कुऱ्हाडीला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला,
"ज्या साली साल काढली, त्या सालाचा शेवटचा आकडा.
आता नऊ वर्षं झाली. आज काढू, आणि आठच्या जागी सात लिहू."

मी मनातल्या मनात आलेख काढला.
आमच्या कंपनीतली एकूण एक रेघ वर चढणारी,
आणि इथे काम नीट झालं
की आकडा एकाने उतरतो.

पहिल्या रकान्यात मी लिहिलं:
जोडीमागे दिवसाला चाळीस आरोबा साल.
एक जण फांदीवर, एक खाली, मध्ये काटा.
दुसऱ्या आठवड्यात त्रेचाळीस. तिसऱ्यात बावन्न.
मी आलेख पाठवला. वरून अंगठा आला.

त्या शुक्रवारी दिओलिंदा रंगाचा डबा घेऊन
सात लिहीत चालली होती, आणि एका झाडाशी थांबली.
सोललेला बुंधा ओल्या विटेसारखा लाल,
त्यात बोटभर लांब, तिरका, खोल घाव.
"हे कुठे लिहायचं?" तिने विचारलं.
खरंच विचारत होती. फॉर्म तिच्याकडेही होता.

रात्री फिर्मिनूने आपली वही दाखवली.
किती काढली ते त्यात नव्हतंच.
तारीख, झाड, आणि पुढे एकच शब्द: सोडलं.
कुऱ्हाडीचं पातं भेगेत घालून जरा पिळायचं,
आवाज पोकळ आला तर साल सुटते,
दबका आला तर झाड तयार नाही, पुढे चालायचं.
"बावन्न आरोबा हवेत तर," तो म्हणाला,
"ऐकायला वेळ कुठून आणू?"

मी फॉर्म फाडला नाही. मला रकाने आवडतात.
नवा भरला.
ध्येय: आतल्या कातडीला धार लागू नये.
मोजमाप: शंभर झाडांमागे घाव किती, आणि सोडलेली झाडं किती.
मुदत: नऊ वर्षं.
मुख्य कार्यालयातून फोन आला,
"नऊ आठवडे म्हणायचंय ना तुम्हाला?"

त्या वर्षी माझा बोनस गेला. हेही मोजता येतं,
म्हणून सांगते.

आता मी चाळिशीत आहे. पुन्हा तेच टेकाड, पुन्हा जून.
फिर्मिनूचे गुडघे झाडावर चढत नाहीत,
वर त्याचा भाचा एव्हारिस्तू आहे, कानात डूल घालणारा.
दिओलिंदाने ब्रश माझ्या हातात दिला.
माझा सहा जरा लंगडा आला. ती हसली, पुसला नाही.

जुनी यादी काढून आम्ही झाडं पाहिली.
नवा फॉर्म भरल्यानंतरची: शंभरात दोन घाव.
त्या तिसऱ्या आठवड्यातली: शंभरात एकोणीस.
जखमेभोवती साल मुडपून वाढलेली, गाठाळ,
तिच्यातून एका बाटलीचंही बूच निघणार नाही.
सरकारी तक्त्यात ही एकोणीस झाडं
माझ्या नावावर कुठेच नाहीत.
मी ती हातानं लिहिली, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात.

मग एव्हारिस्तूने पुढच्या झाडाच्या भेगेत पातं घातलं.
आवाज धड पोकळ नाही, धड दबका नाही.
त्याने खाली मामाकडे पाहिलं,
मामाने बुंध्याला कान लावला,
आणि काट्याजवळ उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी
बोलणं थांबवलं.